नवख्याचा पहिला हंगाम

मोटार शर्यतीत चालक खालच्या गटात कितीही शर्यती जिंकून आलेला असो, वरच्या गटात पाऊल टाकताच तो नवखा ठरतो. गाडी अधिक ताकदीची, टायर वेगळे, सर्किट अनोळखी आणि शेजारच्या पिटमध्ये चार-पाच हंगाम मुरलेले लोक. वर्ष संपते तेव्हा गुणतक्त्यात त्याच्या नावापुढे एक आकडा उरतो, आणि बहुतेक जण त्या आकड्यावरूनच त्याचे वर्ष जोखतात. ते जोखणे अपुरे असते. पहिल्या हंगामात चालक मुख्यतः दोन गोष्टी कमावतो: गाडी आपल्या हाताखाली नेमके काय करते आहे ते ओळखणे, आणि ते इंजिनीअरला उपयोगी पडेल अशा शब्दांत सांगणे. यांपैकी एकीलाही गुण नाहीत. पुढची सगळी कारकीर्द मात्र त्यांच्यावरच उभी राहते. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या लोणखेडा येथील आवारातून आज पदवी घेऊन निघणारे स्नातक आपापल्या पहिल्या हंगामाच्या तोंडावर उभे आहेत, म्हणून या दीक्षान्त समारंभासाठी हा विषय निवडला आहे.

पहिल्या हंगामाच्या आठवणी हा शर्यतीच्या साहित्यातला एक स्वतंत्र प्रकार आहे. कॅनडाचा जॅक व्हिलनव्ह 1996 मध्ये विल्यम्स संघातून फॉर्म्युला वनमध्ये आला आणि त्याच वर्षी जेराल्ड डोनाल्डसन यांच्या साथीने त्याने त्या हंगामाचे पुस्तक काढले. कारकीर्द संपल्यावर लिहिलेल्या आत्मचरित्रात शेवट आधीच ठाऊक असल्याने प्रत्येक चूक पुढच्या यशाची पायरी म्हणून मांडली जाते. हंगाम ताजा असताना लिहिणाऱ्याला ती सोय नसते. या प्रकाराचे खरे मोल त्यातच आहे.

व्हिलनव्ह तसा कोरा नव्हता. 1995 मध्ये त्याने अमेरिकेतील इंडियानापोलिस 500 आणि तिथले इंडीकार अजिंक्यपद, दोन्ही जिंकले होते. तरीही फॉर्म्युला वनसाठी त्याला नव्याने शिकावे लागले. हंगामापूर्वी विल्यम्सने त्याच्याकडून हजारो किलोमीटरचा सराव करून घेतला. मार्च 1996 मध्ये मेलबर्नला पहिल्याच शर्यतीत तो पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, सुटला आणि बराच काळ पुढे राहिला. मग इंजिनातून तेल गळू लागले, संघाने वेग कमी करायला सांगितले आणि तो दुसरा आला. त्या वर्षी त्याने चार शर्यती जिंकल्या. एस्टोरिलच्या शेवटच्या लांब वळणावर त्याने मायकेल शूमाखरला बाहेरच्या बाजूने मागे टाकले. तिथे असे करता येईल हे त्याने संघाला आधीच सांगितले होते आणि ते कोणाला पटले नव्हते. सुझुकाच्या अखेरच्या शर्यतीत त्याच्या गाडीचे मागचे चाक निखळले आणि 97 विरुद्ध 78 गुणांनी अजिंक्यपद सहकारी डेमन हिलकडे गेले. मात्र नवख्याचे असे वर्ष हा अपवाद म्हणूनच वाचावा, कारण त्याच्या हाताखाली त्या वर्षीची सर्वांत वेगवान गाडी होती.

नवख्याला सगळ्यात जास्त काय छळते, तर टायर. गाडी आणि रस्ता यांच्यात फक्त चार छोट्या ठिकाणी संपर्क असतो, आणि इंजिनाची ताकद असो वा ब्रेकचा जोर, सगळे तिथूनच जाते. शर्यतीच्या टायरचे रबर ठरावीक तापमानातच पकड धरते. थंड असेल तर ते घसरते. जास्त तापले तर वरचा थर सुटू लागतो आणि त्याच्या गोळ्या वळणाच्या बाहेरच्या कडेला साचतात. वळणावर गाडी थोडी जरी आडवी सरकली, तरी घर्षणाने टायरचा पृष्ठभाग भराभर तापतो. नवखा चालक प्रत्येक वळणावर थोडासा जास्त वेग नेतो. एका लॅपपुरता तो झपाट्याने पुढे जातो आणि दहा लॅपनंतर तेच टायर त्याला सोडून देतात. मुरलेला चालक पहिल्या दहा लॅपमध्ये हात राखून असतो.

ब्रेकचेही तसेच. ऊस भरलेली ट्रॉली उतारावर ब्रेक लागताच ट्रॅक्टरला पुढे रेटते, हे शहादा तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. शर्यतीच्या गाडीतही ब्रेक लागला की भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. वेग जास्त असताना वाऱ्याचा दाब गाडीला जमिनीशी दाबून धरतो, म्हणून सुरुवातीला ब्रेक पूर्ण ताकदीने दाबता येतो. वेग उतरतो तसा तो दाब ओसरतो आणि त्याच प्रमाणात पायही सैल सोडावा लागतो. तो क्षणभर उशिरा सैल झाला तर चाक फिरायचे थांबते, टायर एकाच जागी घासतो आणि तिथे सपाट चकती पडते. मग पुढच्या सरळ रस्त्यावर गाडी इतकी थरथरते की चालकाला समोरचा फलकही धड दिसत नाही. हे पुस्तकात वाचून पायाला येत नाही, हंगामभर घासूनच येते.

भारताच्या बाबतीत फॉर्म्युला वनमधला पहिला नवखा म्हणजे कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन. 6 मार्च 2005 रोजी मेलबर्नला तो जॉर्डन संघाच्या गाडीतून शर्यतीत उतरला, बाराव्या जागेवरून सुटला आणि पंधरावा आला. जॉर्डन तेव्हा नुकताच विकला गेला होता. दोन्ही चालक नवखे आणि गाडी मैदानातल्या सर्वांत मंद गाड्यांपैकी एक. त्या वर्षीचा नियमही कठीण होता: पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत एकाच टायर संचावर काढायची.

त्याच नियमातून 19 जून 2005 चा इंडियानापोलिसचा प्रसंग उद्भवला. शुक्रवारच्या सरावात तिथल्या उताराच्या वेगवान वळणावर राल्फ शूमाखरची गाडी भिंतीवर आदळली. मिशेलिन कंपनीने आपले टायर त्या वळणावर शर्यतभर सुरक्षित राहतील याची हमी देता येत नसल्याचे सांगितले. तोडगा निघाला नाही. प्रास्ताविक लॅप संपताना मिशेलिनवरच्या चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळल्या, त्यांत सॉबरची गाडी चालवणारा माजी विश्वविजेता व्हिलनव्हही होता. ब्रिजस्टोनवरच्या सहा गाड्या उरल्या: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. संतापलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, बाटल्या फेकल्या. त्या गदारोळात कार्तिकेयनने 72 लॅप पूर्ण केल्या आणि तो चौथा आला. त्याचे पाच गुण म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाने मिळवलेले पहिले गुण.

त्या गुणांना फुकटचे म्हणणारे तेव्हाही होते. ते म्हणणे अन्यायाचे आहे. गाड्या सहाच होत्या हे खरे, पण त्याही शर्यतीत गाडी भिंतीवर घालणे सहज शक्य होते, आणि मागच्या दोन मिनार्डी नेमक्या त्याच चुकीची वाट पाहत होत्या. रिकाम्या मैदानात लक्ष टिकवणे गर्दीतल्यापेक्षा अवघड जाते. त्याच हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत शांघायला मोठ्या वेगात त्याची गाडी भिंतीवर आदळून तिचा चुराडा झाला, तो मात्र सुखरूप बाहेर आला. एका नवख्या वर्षाची दोन टोके ती हीच. 2010 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्राचे जवळचे उदाहरण जेहान दारूवालाचे. 1 ऑक्टोबर 1998 रोजी मुंबईत जन्मलेला हा पारशी मुलगा कार्टिंगमधून पुढे आला. 2011 च्या सुमारास फोर्स इंडिया संघाने देशभर घेतलेल्या शोधमोहिमेतून निवडलेल्या मुलांत तो होता. पुढे त्याने 2017 ची न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली, 2019 मध्ये फॉर्म्युला थ्रीत प्रेमा संघाकडून तिसरा क्रमांक मिळवला आणि 2020 मध्ये रेड बुलच्या युवा संघातून तो फॉर्म्युला टूमध्ये आला.

हा हंगाम जरा थांबून पाहण्याजोगा आहे, कारण त्यात नवखेपणाची प्रत्येक अडचण एकदम आली. महामारीमुळे शर्यती जुलैमध्ये ऑस्ट्रियात सुरू झाल्या आणि मग एकीमागून एक दाटीने आल्या. चूक समजून घ्यायला मध्ये वेळच नव्हता. फॉर्म्युला टूमध्ये प्रत्येक फेरीला सरावाचे एकच सत्र असते, 45 मिनिटांचे, आणि त्यानंतर थेट अर्ध्या तासाची पात्रता फेरी. व्हिलनव्हला मिळालेला हजारो किलोमीटरचा सराव इथे स्वप्नातही नाही. त्यात त्याच वर्षी या गटाने 18 इंची चाके स्वीकारली. जुन्या चालकांची टायरबद्दलची समज त्यामुळे काही अंशी पुसली गेली हे खरे, पण नवख्याकडे तुलनेला जुने काहीच नव्हते.

कार्लिन संघात त्याचा सहकारी होता जपानचा युकी त्सुनोडा. तोही नवखा, आणि गाडीही तीच. शर्यतीत सर्वांत निर्दय मापदंड सहकारीच असतो, कारण त्याच्यापुढे गाडीची सबब चालत नाही. रोज संध्याकाळी दोघांच्या टेलिमेट्रीच्या रेषा एकमेकींवर ठेवून पाहिल्या जातात. कोणी ब्रेक कुठे दाबला, कुठे सोडला, वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग किती अंशांत होते, ॲक्सिलरेटरवर पाय कधी गेला, सगळे पडद्यावर उघडे पडते. त्सुनोडाने त्या हंगामात तीन शर्यती जिंकल्या, 200 गुणांनी तो तिसरा आला आणि 2021 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये गेला. दारूवाला 72 गुणांसह बारावा राहिला.

पण तक्ता वरून खाली वाचण्याऐवजी जुलैपासून डिसेंबरपर्यंत वाचला तर चित्र बदलते. 6 डिसेंबर 2020 रोजी बहरीनमध्ये साखीरच्या आखूड, 3.543 किलोमीटरच्या बाह्य मार्गावर हंगामाची अखेरची शर्यत झाली. आदल्या दिवशीच्या मोठ्या शर्यतीतले पहिले आठ चालक या छोट्या शर्यतीत उलट्या क्रमाने उभे राहत, त्यामुळे दारूवालाला पुढच्या रांगेतली जागा मिळाली. या शर्यतीत टायर बदलण्याची सक्ती नव्हती. म्हणजे सुरुवातीला जो टायर जाळेल तो शेवटी भरेल. अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या मिक शूमाखरच्या टायरवर ब्रेक लावताना सपाट चकत्या पडल्या. त्याला पिटमध्ये यावे लागले आणि शर्यतीत तो अठरावा आला, तरी गुणांवर विजेतेपद त्याचेच झाले. दारूवालाने टायर सांभाळून आघाडी शेवटपर्यंत टिकवली. त्सुनोडा दुसरा, डॅन टिक्टम तिसरा. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. उलट्या क्रमाने त्याला फक्त जागा दिली होती. शेवटच्या लॅपपर्यंत जिवंत राहिलेले टायर हे पाच महिन्यांच्या शिक्षणाचे फळ होते, आणि या हंगामात तेच सर्वांत मोलाचे मानले पाहिजे.

हे शिक्षण घडते ते पिटच्या मागच्या खोलीत. शर्यत संपली की चालक हेल्मेट काढून इंजिनीअरसमोर बसतो आणि वळणागणिक सांगतो. ‘गाडी नीट चालत नाही’ या वाक्यावर इंजिनीअरला काही करता येत नाही. तिसऱ्या वळणात शिरताना पुढचे टायर सरकतात, मध्यावर पकड येते, बाहेर पडताना मागची बाजू सुटते आणि हे सगळे आठव्या लॅपनंतर सुरू झाले, असे सांगितले तर स्प्रिंग, अँटीरोल बार, पंखांचा कोन, टायरमधली हवा यांपैकी कशाला हात लावायचा ते ठरते. सेन्सर शेकडो आकडे देतात, पण कोणत्या आकड्याकडे पाहायचे हे चालकाच्या सांगण्यावरून कळते. गाडीत काही बिघडले की दोष आपला की यंत्राचा, हे प्रामाणिकपणे वेगळे करून सांगणारा नवखा संघाला हवाहवासा होतो. स्वतःची चूक गाडीवर ढकलणाऱ्याला टेलिमेट्री पहिल्याच आठवड्यात उघडे पाडते, आणि त्यानंतर त्याच्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

या खोलीतली समोरची खुर्ची इंजिनीअरची असते, आणि तिथेही नवखे येतात. त्यांचा पहिला हंगाम भारतात बहुधा विद्यार्थीदशेतच सुरू होतो. लोणखेड्याहून खेतिया, सेंधवामार्गे आग्रा रोडने वर गेले की इंदूरजवळ पिथमपूर लागते. तिथेच 2007 पासून बाहा एसएई इंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरू लागली. महाविद्यालयाच्या संघाने एका चालकाची, खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी स्वतः आखायची, कार्यशाळेत नळ्या वाकवून, वेल्डिंग करून उभी करायची आणि पळवून दाखवायची. वेगाला त्यात गुण आहेत, पण आधी तपासनीस गाडीखाली सरपटत जाऊन वेल्डचे सांधे बघतात, ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम अडतात का ते पाहतात. आखणी का अशी केली आणि खर्च कुठे झाला, याची उत्तरे परीक्षकांसमोर तोंडी द्यावी लागतात. शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते आणि तिच्यात अनेक गाड्या सस्पेन्शनच्या एखाद्या सांध्यापायी बसतात. रस्त्यावरच्या फॉर्म्युला गाड्यांसाठी 2011 पासून सुप्रा एसएई इंडिया ही वेगळी स्पर्धा आहे. पिथमपूरलाच आता नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राची 11.3 किलोमीटरची वेगवान धावपट्टी आहे. वाहनांच्या चाचणीचे पुण्यातले एआरएआय हे केंद्र तर 1966 पासूनचे. नंदुरबारच्या मुलामुलींना या क्षेत्राची दारे फार लांब नाहीत.

अशा संघांत पहिल्या वर्षी गाडी अनेकदा शर्यत पुरी करत नाही. जे संघ कोणता भाग कितव्या मिनिटाला, कोणत्या भाराखाली तुटला हे तिथल्या तिथे वहीत उतरवतात, फोटो काढतात आणि तुटलेला तुकडा जपून परत आणतात, त्यांची पुढच्या वर्षीची गाडी वेगळी असते. पुढच्या वर्षी संघातली निम्मी मुले पदवी घेऊन गेलेली असतात, त्यामुळे नव्या मुलांच्या हाती वही नसेल तर त्याच चुका पुन्हा होतात.

दारूवाला 2021 आणि 2022 मध्येही फॉर्म्युला टूमध्ये राहिला आणि दोन्ही वर्षी सातवा आला. 2022 मध्ये मोंझाची मोठी शर्यत त्याने जिंकली. जानेवारी 2024 मध्ये मेक्सिको सिटीला तो मासेराती संघातून फॉर्म्युला ईच्या ग्रिडवर उभा राहिला. तिथली गाडी विजेवर चालते, ब्रेक लावताना बॅटरीत ऊर्जा परत भरायची असते आणि शेवटच्या लॅपपर्यंत चार्ज पुरवायचा असतो. त्या गटाच्या यादीत पंचविसाव्या वर्षी त्याच्या नावासमोर पुन्हा नवखा अशी नोंद झाली.