घरून काम आणि ऑफिसशी नातं



मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी नागपूरची कितीतरी पोरं लॅपटॉप घेऊन घरी परतली. चार दिवसांची सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत टिकली. इतकी, की नागपूरच्या मिहानसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी केंद्र सरकारला जुलै २०२२मध्ये घरून कामाचा वेगळा नियम करावा लागला. आधी निम्म्या कर्मचाऱ्यांना मुभा मिळाली, डिसेंबरमध्ये सगळ्यांना.

बसायच्या जागेचा प्रश्न असा सुटला. पण वर्षभर घरी बसलेला माणूस म्हणतो, "कंपनीत काय चाललंय, काही कळतच नाही." काम तर वेळेवर येतं, मीटिंगाही होतात. मग राहतं काय? अमका ग्राहक का चिडला, ठरलेलं का फिरलं, हे मीटिंग संपल्यावर तर्री-पोह्याच्या गाडीवर कळतं. तिथे हा नसतो.

अर्धे लोक खोलीत आणि अर्धे पडद्यावर, ही मीटिंग तर सर्वांत अवघड. खोलीतले हसतात, का हसले, ते घरून जोडलेल्याला कळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात कूलरच्या घरघरीमुळे तो माईकही बंदच ठेवतो. जो बोलत नाही, त्याला विचारायचंही हळूहळू राहून जातं.

यावर शुक्रवारची ऑनलाइन अंताक्षरी हा उपाय नव्हे. निर्णय झाला की तो कारणासकट लिहून सगळ्यांना पाठवा. मीटिंगमध्ये घरून जोडलेल्यांना आधी बोलू द्या. नव्याने लागलेल्यांना एक अनुभवी सहकारी नेमून द्या, ज्याला फालतू वाटणारी शंकाही विचारता येईल. आणि ऑफिसला बोलवाल तेव्हा सगळ्या चमूला एकाच वेळी बोलवा. रात्रभर प्रवास करून पुण्याला पोचायचं आणि तिथेही हेडफोन लावून कॉलवरच बसायचं, यात काय हशील?

घरून काम करणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. "घरी झोपा काढतो" असं कुणी म्हणेल, या धास्तीनं आपण अडचण लपवतो. तसं करू नका. काम अडलं की त्याच दिवशी फोन करा. साहेबांनीही पडद्यावरचा हिरवा ठिपका मोजत बसू नये. माणूस जागेवर आहे, एवढंच तो सांगतो. त्याचं काय अडलंय, हे विचारावंच लागतं.