चित्रकथांच्या वाटेने जपानी भाषा

(सोनपेठ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेले भाषण)



सोनपेठसारख्या तालुक्यातील माध्यमिक शाळेत जपानी भाषा शिकविता येईल काय, असे विचारले की प्रथम शंकाच पुढे येते. परंतु या शंकेचे उत्तर मराठवाड्यातच मिळाले आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेच्या मुलांना परदेशी भाषा निवडावयास सांगितले, तेव्हा यंत्रमानवाच्या ओढीने त्यांनी जपानी निवडली. २०२० साली ती मुले इंटरनेटवरून ही भाषा शिकत होती.

मराठी मुलास जपानी वाटते तितकी परकी नाही. हिरागाना लिपीच्या ४६ मूळ अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा तो ठसा होय. वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'ओसाकाहून' हे 'ओसाका कारा' असे, नामानंतरच प्रत्यय लावून, म्हणतात.

खरी अडचण कांजी या चित्राक्षरांची. नित्य व्यवहारासाठी तेथे २,१३६ कांजी ठरविलेल्या आहेत. येथे चित्रकथा साहाय्यास येते. जपानमधील बालकांची पुस्तके बहुधा हिरागानातच असतात. पुढील इयत्तांच्या पुस्तकांत कांजीजवळ तिचा उच्चार बारीक अक्षरांत छापतात. मोमोतारोच्या लोककथेत म्हातारा डोंगरात सरपणास जातो, म्हातारी नदीवर धुणे धुते. गोदाकाठच्या मुलास चित्र पाहताच अर्थ उमगतो. शिकावयाचा राहतो तो शब्द. नदीची कांजी तर वाहत्या पाण्यासारख्या तीन उभ्या रेघांचीच आहे.

एकेक चित्र दाखवीत गोष्ट सांगण्याची 'कामिशिबाई' ही जपानी रीत सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीची आठवण करून देते. पुठ्ठ्यावर मुलांनीच चित्रे काढावीत, पाठीमागे वाक्ये लिहावीत. त्यास मोठा खर्च नाही.

जानेवारी २०२१ मध्ये भारत व जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. अशा नोकरीसाठी सामान्यतः जपानी भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. तरीही शाळेने नोकरीचे आश्वासन देऊ नये. मध्येच बंद पडलेला वर्ग मुलांचा उत्साह कायमचा मारतो. म्हणून आधी मराठी वाचन पक्के करावे, जाणकार शिक्षकाची निदान वर्षभराची हमी घ्यावी आणि मगच वर्ग उघडावा. पंचायतीने खोली, वीज व इंटरनेट यांची सोय केली, तर खेड्यातील मुलालाही जगाची एक खिडकी उघडता येईल.