मुलांची बाग



हिब्रूत बालवाडीला 'गान येलादिम' म्हणतात, म्हणजे मुलांची बाग. तेथील बाई 'गानेनेत', म्हणजे माळीण. मराठी 'बालवाडी'तही वाडी आहेच! हिब्रू शतकानुशतके मुख्यतः प्रार्थनेची, ग्रंथांची भाषा होती. १८९८मध्ये रिशोन लेत्सियोन येथे पहिली हिब्रू बालवाडी उघडली. बहुतेक घरांत तेव्हा यिडिशसारख्या अन्य भाषा होत्या. मुले खेळता खेळता हिब्रू शिकली आणि ती घरी घेऊन गेली.

आज अमेरिकेतील हिब्रू-इंग्रजी बालवर्गांत 'बोकेर तोव' म्हणत सकाळ उगवते. एक लिपी उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. मूल दोन्हींशी मैत्री करते. शुक्रवारी शब्बाथची गाणी होतात. इंग्रजी येते, म्हणून हिब्रू उंबरठ्याबाहेर ठेवली जात नाही.

मराठी घरांनी एवढेच पाहावे : संध्याकाळी परतलेल्या मुलाशी आई-वडील कोणत्या भाषेत बोलतात?