आपल्या शेतातून लाइन जाणार असेल तर...
(उत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आरतीनंतर प्रसादाआधी बोलायला उभं राहणं म्हणजे धाडसच, पण विषय घरचा आहे. आपल्यापैकी निम्मे लोक जन्मभर विजेशी संबंधित कामात राहिले. उरलेल्यांची शेती गावाकडे, भंडारा-गोंदियाकडे किंवा इकडे दुर्गच्या आसपास. म्हणजे लाइन टाकणारे आपणच आणि लाइनखाली येणारेही आपणच.

भिलाईच्या खेडामाराचं ४०० केव्हीचं सबस्टेशन आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिलेलं आहे. भिलाईहून नागपूरजवळच्या कोराडीकडे ४०० केव्हीची लाइन फार पूर्वीच बांधली गेली. आता रायगडहून थेट तामिळनाडूतल्या पुगलूरपर्यंत ±८०० केव्हीची, ६००० मेगावॉटची डीसी लाइन आहे. कोळसा आपल्याकडे, वीज लागते दूर. तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजवर पाठवली तर करंट निम्मा होतो आणि तारेतलं नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणून मोठ्या लाइनी लागतात. त्यांना विरोध करायला मी इथे उभा नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या शेतात एका दिवशी खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. त्याने मला फोन केला, "दादा, हे काय आहे? तू तर यातलाच." मी चौकशी केली. सूचना रीतसर वर्तमानपत्रात आली होती, गावांची यादीही होती, आपल्या गावाचं नावही होतं. पण तो पेपर गावात येत नव्हता, आणि मी, ज्याच्या घरी तीन पेपर येतात, ती यादी कधी वाचलीच नव्हती. मनोरा विहिरीला लागून आला. सर्व्हे चालू असताना तो थोडा सरकवणं नकाशावर पेन्सिल फिरवण्याइतकं सोपं असतं, पाया भरल्यावर ते होत नाही. भाऊ आजही काही बोलत नाही. मलाच ते बोचतं.

तर कायदा काय म्हणतो? २००३ च्या वीज कायद्यातलं १६४ कलम लाइन टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देऊ शकतं. हे अधिकार मिळाले की मालकाची संमती लागत नाही. जमीन संपादित होत नाही, सातबारा किंवा इकडचा खसरा तुमच्याच नावावर राहतो, फक्त नुकसानभरपाई मिळते. अडवलं तर कंपनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. भरपाई कमी वाटली तर तुम्ही जिल्हा न्यायाधीशांकडे जाऊ शकता, हे मात्र कुणी सांगत नाही. पण हे अधिकार देण्याआधी जी जाहीर सूचना निघते, तिच्यात हरकतीसाठी साधारण दोन महिने दिलेले असतात. बोलायची खरी वेळ तीच. आणि "लाइन नको" असं लिहू नका, ते वाचून बाजूला ठेवतात. "या गटातली विहीर, हे झाड, ही घराची जोती सोडून मनोरा अमुक बाजूला घ्या" असं लिहा.

पैशाबद्दल. २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये हे अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाले. पण राज्याने ते स्वीकारलेत का, हे कलेक्टर कचेरीत विचारायलाच हवं. पट्टा किती रुंद? नेहमी १३२ केव्हीला २७ मीटर, २२० ला ३५, ४०० ला ४६ धरतात.

आता दुसरा प्रकार, जुनी लाइन वाढवणं. जुन्याच मनोऱ्यांवर जुनी तार उतरवून जास्त तापमान सोसणारी, कमी झोळ पडणारी तार चढवतात. जवळपास दुप्पट करंट त्याच वाटेने जातो. नवा मनोरा नाही, म्हणून गावकरी निश्चिंत असतात. पण तार ओढायला माणसं आणि गाड्या पुन्हा पिकातून जातात, तेव्हाच्या पिकाची भरपाई वेगळी मागा. आणि लाइनखाली कुणी खोली चढवली असेल तर ती तेव्हाच उघड होते. १३२ केव्हीच्या तारेपासून छपराला उभं ४.६ मीटर अंतर लागतं. हे इथे भिलाईच्या कडेला नव्या वस्त्यांत प्लॉट घेतलेल्यांनी आधीच मोजून घ्यावं. स्वस्त प्लॉट स्वस्त का आहे, याचं उत्तर पुष्कळदा वरच असतं!

पावसाळ्यात लाइन गुणगुणते, त्याने भिऊ नका. ओल्या तारेभोवतीच्या हवेचा तो आवाज आहे. कर्करोगाचं विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००२ मध्ये अशा चुंबकीय क्षेत्राला "शक्यता असू शकते" या गटात ठेवलं, सिद्ध झालेल्यांच्या नाही. याहून जास्त मी सांगणार नाही.

विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी सहा ते सात मी मंडपाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या गावाचं नाव एखाद्या सूचनेत आलं असेल त्यांनी पेपरचं कात्रण, गट किंवा खसरा क्रमांक आणि विहिरीचं अंतर पायाने मोजून आणलं तरी चालेल. अर्ज आपण तिथेच मराठीत किंवा हिंदीत लिहू. पेन माझा.