संग्रहालयातील पक्षी लोकांपुढे मांडताना



विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतील एका शाळकरी मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या कंठावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात गेला. संस्थेचे मानद चिटणीस मिलर्ड यांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय खणामागून खण उघडून संग्रहातील पक्षी त्याच्यापुढे मांडले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात प्रेक्षकांना प्राणिविभाग समजावून देण्याच्या कामी त्यांचीच नेमणूक झाली.

एवढे सामर्थ्य एका उघडलेल्या खणात असते. शैक्षणिक मेळाव्यात मात्र नमुने बहुधा काचेआड राहतात आणि पुढे पाटी झळकते, ‘हात लावू नये’. पाटी आवश्यकच आहे. जुन्या कातड्यांना कसर लागू नये म्हणून सोमलाचे लेपन करीत असत आणि ते विष अनेक वर्षे टिकते. पण पाटी लावली की शिक्षकाचे काम संपले, असे समजणे बरे नव्हे.

मुले दोन प्रश्न हटकून विचारतात. पहिला, याला डोळे का नाहीत? अभ्यासासाठीचा नमुना शोभेचा नसतो; पंख मिटून, पोटात कापूस भरून तो उताणा निजवितात आणि डोळ्यांच्या जागी कापूसच दिसतो. त्याचे खरे मोल पायाला बांधलेल्या चिठ्ठीत असते. ठिकाण, तारीख, नर की मादी, हे तीवर लिहिलेले असते. चिठ्ठी हरवली की पक्षी मुका झाला!

दुसरा प्रश्न अवघड आहे. याला कोणी मारले? येथे ‘तो आपोआप मेला’ असे सांगून मुलांची फसवणूक करू नये. जुने पुष्कळ पक्षी संग्राहकांनी बंदुकीनेच मारले, हे स्पष्ट सांगावे आणि त्यांचा उपयोगही सांगावा. ब्रिटनमध्ये रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याची जुनी व नवी अंडी ताडून पाहिली. १९४७ च्या सुमारास कवच पातळ होऊ लागल्याचे त्यांनी १९६७ मध्ये दाखविले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांकडे बोट दाखविणारा तो मोठा पुरावा ठरला. जुनी अंडी जपली नसती, तर तुलना कशाशी करणार?

असा मेळावा पाहून उत्साही विद्यार्थी गलोल घेऊन रानात जाण्याचा संभव असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्षी मारण्यास बंदी आहे, हे त्याच दिवशी सांगून टाकावे. शाळेच्या कपाटासाठीही असे नमुने गोळा करवू नयेत. मुलांनी आवारातील पक्षी पाहून तशीच चिठ्ठी वहीत लिहावी; नर-मादी ओळखता न आल्यास ती जागा कोरी ठेवावी.

मांडणीची जागा सावलीतील असावी. उन्हाने पिसांचा रंग उडतो.