जुन्या फोनची साथ कधी सोडायची?

जुन्या अँड्रॉइडला रामराम कधी करायचा?

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबसाइटना सुरक्षेची सर्टिफिकेटं फुकट देते. तिचं नवं रूट सर्टिफिकेट ७.१.१ च्या आधीचं अँड्रॉइड ओळखतच नव्हतं. २०२० मध्ये असे फोन होते ३३.८ टक्के! २०२१ मध्ये त्यांवर साइटऐवजी इशारे दिसले असते. संस्थेनं हे आधीच जाहीर केलं. मग वाट सापडली: जुन्या रूटची मुदत संपली तरी अँड्रॉइड ते चालवून घेतं. २०२४ पर्यंत वेळ मिळाला.

कायमचं सांभाळणं जमत नाही, मान्य. पण माझं म्हणणं एवढंच: आधी माणसं मोजा, वाट शोधा, तारीख सांगा, मगच दार लावा. जुना फोन कुणी हौसेनं वापरत नाही. नवा परवडत नाही, म्हणून वापरतात.