भाषेचा सन्मान कोठे मोजावा?

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त घाटकोपर येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीस, मराठीची थोरवी गाण्याचा प्रघात आहे. तो मी आज मोडणार आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, आणि प्रेमाची ग्वाही ऐकली की व्यवहार तपासावा, अशी त्या शास्त्राची सवय आहे.

आरंभ स्वतःपासूनच करतो. मी मराठी शाळेत शिकलो. मुलीला मात्र इंग्रजी शाळेत घातले. मराठीवरचे माझे प्रेम आटले होते असे नव्हे. चांगली नोकरी ज्या भाषेतून मिळते ती मुलीला लहानपणीच यावी, एवढाच हिशेब मी केला. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत असंख्य घरांनी तोच केला. प्रत्येक घराचा निर्णय शहाणपणाचा होता. पण या साऱ्या शहाणपणाची बेरीज मराठी शाळांचे वर्ग ओस पडण्यात झाली. अशा वेळी पालकांना अस्मितेचे उपदेश करून काय होणार? ज्या व्यवस्थेत त्यांचा हिशेब बरोबर ठरतो, ती व्यवस्थाच बदलली पाहिजे.

तेवढ्यासाठीच तर आपण भाषिक राज्य मागितले होते. एस. एम. जोशींसारख्या नेत्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभारला, शंभरावर माणसे हुतात्मा झाली, ती केवळ नकाशावरील रेषेसाठी नव्हे. राज्यकारभार सामान्य माणसाला समजावा, ही त्यामागची लोकशाही आकांक्षा होती. १९६० साली राज्य आले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. पण महानगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांना मराठीच्या वापराचे स्पष्ट कायदेशीर बंधन घालायला २०२२ साल उजाडले! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, याचा आनंद आहेच. परंतु तो दर्जा भाषेच्या प्राचीनतेला मिळाला. आज फक्त मराठी जाणणाऱ्या बाईला रुग्णालयातला कागद वाचता येतो का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता दुसरी बाजू. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी लादण्याचा घाट घातला गेला. लोकांनी विरोध केला आणि २९ जून रोजी शासनाला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. तो विरोध योग्यच होता. पण त्याच सुमारास मीरा रोडला मराठीच्या नावाने एका दुकानदाराला मारहाण झाली. पोटासाठी आलेल्या माणसाच्या थोबाडीत मारून कोणती भाषा मोठी होते? धोरण ठरवणारे सुरक्षित राहतात आणि मार खातो तो गल्ल्यावरचा माणूस.

आपला वारसा हा नव्हे. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तामिळ शिकले आणि त्यांनी ‘कुरल’ मराठीत आणला. आंतरभारतीच्या स्वप्नाचे बीज त्या कोठडीत आहे. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तामिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवल्या. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगतो. आपण बेळगावच्या मराठी मुलांसाठी जे मागतो, ते घाटकोपरच्या तामिळ मुलाला नाकारता येणार नाही. त्याने मराठी शिकावी, ती आपण आपुलकीने शिकवावी. पण त्याची शाळा बंद पडू देऊ नये.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपापल्या वॉर्डातील पालिका शाळेत जा. शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत ते मोजा. तेथे इंग्रजी हा विषय उत्तम शिकवला जावा, असा आग्रह धरा. मराठी शाळेत घातल्याने मुलाची भाकरी हिरावली जाणार नाही, हा विश्वास पालकांना त्यातूनच येईल. वॉर्ड कार्यालयात व दवाखान्यात समजेल असे मराठी मागा. या कामात टाळ्या मिळत नाहीत. पण माझी मुलगी उद्या तिच्या मुलासाठी शाळा शोधील, तेव्हा तिचा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा निघावा, अशी माझी इच्छा आहे. ते तिच्या मराठीप्रेमावर अवलंबून नाही; आपण त्या शाळेचे काय करतो, यावर आहे.